मॉरल सायन्स, पियानो आणि सुई-दोरा: तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की कॉन्व्हेंट आणि मिशनच्या शाळांमध्ये गणित-सायन्सच्या पलीकडे जे विषय असतात, म्हणजे संगीत, मॉरल सायन्स, शिवणकाम, एलोक्युशन म्हणजे वक्तृत्व वगैरे, त्यांची चौकशी पालकांनी ॲडमिशन घेतानाच करावी, फी आणि बस विचारतो तशीच. त्यावर ढीगभर पत्रं आणि मेसेज आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले तेवढे घेतेय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी नगरची, मराठी ख्रिस्ती घरातली, आणि पुण्यात एका कॉन्व्हेंटमध्ये सत्तावीस वर्षं संगीत आणि व्हॅल्यू एज्युकेशन शिकवलंय, त्यामुळे मी कुठल्या बाजूला उभी राहून बोलतेय ते तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

मॅडम, माझी मुलगी तिसरीत आहे. शाळेत मॉरल सायन्सचं पुस्तक आहे त्यात येशूच्या गोष्टी आहेत, असेंब्लीत प्रार्थना पण तीच असते. सासूबाई म्हणतात शाळा बदला. शाळा चांगली आहे, टीचर खूप मायेने शिकवतात, पण माझ्या मनात पण धाकधूक आहेच. हे सक्तीचं असतं का? नाही म्हटलं तर मुलीवर राग काढतील का? (एक आई, नाशिक)

ताई, सगळ्यात आधी हे सांगते की तुमच्या सासूबाईंची भीती उगाच नाहीये आणि ती आजची पण नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आणलं, तेव्हा सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसं होती, आणि १८९३ मध्ये मुलींच्या धर्मांतरावरून जे वादळ उठलं त्यात ही दोघं मंडळातून बाहेर पडली. म्हणजे रमाबाईंवर ज्यांचा विश्वास होता त्यांनाही हा प्रश्न पडला होता. मी ख्रिस्ती आहे, रमाबाई मला आईसारख्या आहेत, तरी मी म्हणेन की शाळेत मूल पाठवणाऱ्या आईला हे विचारायचा पूर्ण हक्क आहे.

आणि हा हक्क नुसता माणुसकीचा नाही, घटनेत लिहिलेला आहे. कलम २८ चा तिसरा भाग काढून वाचा. सरकारची मान्यता असलेल्या किंवा सरकारी पैशातून मदत मिळणाऱ्या शाळेत कुणालाही धर्मशिक्षण घ्यायला किंवा तिथल्या उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय, आणि मूल अल्पवयीन असेल तर पालकांची. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय तो वेगळा, तो शाळेचा. तुमच्या मुलीचा हक्क २८ मध्ये आहे. दोन्ही एकाच पुस्तकात आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात.

आता मॉरल सायन्स म्हणजे धर्मशिक्षण का, तर ते पुस्तक उघडल्याशिवाय सांगता येत नाही. बऱ्याच शाळांमध्ये ख्रिस्ती मुलांना त्या तासाला कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला पाठवतात आणि बाकीच्या मुलांना मॉरल सायन्स किंवा व्हॅल्यू एज्युकेशन असतं, ज्यात खरं बोलणं, रांगेत उभं राहणं, आजारी आजीची काळजी, मोबाईल, चिडवाचिडवी असे धडे असतात. येशूने सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट त्यात आली म्हणून ते लगेच धर्मशिक्षण होत नाही. २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सुप्रीम कोर्टानेही हाच फरक केला, धर्मांबद्दल माहिती देणं वेगळं आणि एका धर्माचं शिक्षण देणं वेगळं. पण पुस्तकात "हाच एक खरा देव" असं शिकवत असतील आणि त्यावर परीक्षेत प्रश्न असेल तर ते वेगळं आहे, तिथे तुम्ही बोललंच पाहिजे.

कसं बोलायचं ते सांगते. व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. पुस्तक आधी स्वतः पूर्ण वाचा, सासूबाईंना पण वाचून दाखवा, मग क्लास टीचरला डायरीत नोट लिहून भेटीची वेळ मागा आणि शांतपणे विचारा की हा तास सगळ्यांना आहे का, प्रार्थनेच्या वेळी माझी मुलगी नुसती शांत उभी राहिली तर चालेल का. चांगल्या शाळेत याचं उत्तर "हो" असतं आणि लगेच येतं. उत्तर द्यायला कुणी आढेवेढे घेतले तर लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.

राग काढतील का, या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच चुकीवरून द्यावं लागेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी असाच अर्ज दिला होता, आम्ही तिला त्या तासाला लायब्ररीत बसवायचं ठरवलं, पण मी ते रजिस्टरमध्ये लिहिलं नाही, आणि मी रजेवर असताना बदली आलेल्या टीचरनी तिला हाताला धरून वर्गात आणून बसवलं. मुलगी रडली. वडील दुसऱ्या दिवशी आले ते बरोबरच आले. मी माफी मागितली. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगते की अर्जाची एक प्रत वर्गाच्या रजिस्टरला जोडायला सांगा, कारण मुलाला त्रास होतो तो बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टपणामुळे नाही तर कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं नसतं म्हणून होतो.

शाळा बदलू नका एवढ्यात. टीचर मायेने शिकवतात असं तुम्हीच लिहिलंय, ही गोष्ट सहज मिळत नाही हो.

नमस्कार. मुलगा ८ वर्षांचा. शाळेत कीबोर्डचा क्लास आहे, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा देतात पण फी बरीच आहे. क्वायर मात्र फुकट आहे. आमच्या घरी पेटी आहे, वडील भजनाला वाजवतात, ते म्हणतात गांधर्व महाविद्यालयाच्या, आपल्या संगीताच्या परीक्षा दे, हे इंग्रजी वाजवून काय करणार. तुम्ही काय म्हणाल? (एक वडील, पिंपरी)

क्वायर. बिनदिक्कत क्वायर, निदान दोन वर्षं. कारण सांगते, जरा लांबेल.

आपल्या भजनात काय होतं, बुवा एक ओळ म्हणतात आणि मागे सगळे तीच ओळ तीच चाल धरून म्हणतात, त्याची मजा आहेच, माझं लहानपण त्यात गेलंय, कारण नगरकडच्या मराठी चर्चमध्ये रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं टाळ-तबल्यावरच म्हणतात आणि ख्रिस्ती कीर्तनसुद्धा होतं, उभं राहून, पूर्वरंग-उत्तररंगासकट. पण क्वायरमध्ये चार आवाज असतात, सगळ्यात उंच ते सगळ्यात खालचा असे सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस, आणि चौघांच्या ओळी वेगळ्या. आल्टोतल्या मुलाला शेजारच्या सोप्रानोची चाल कानावर येत असते, ती गोड पण असते, आणि त्याला तिच्यामागे न जाता आपली ओळ धरून ठेवायची असते, आणि तरी तिचं ऐकायचं पण असतं नाहीतर सूर जुळत नाही. आठ वर्षांच्या मुलाला हे जमायला लागतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघा. हे एकट्याने कीबोर्डसमोर बसून येत नाही.

आता वडिलांचं म्हणणं. काका, तुमच्या पेटीचं आणि क्वायरमधल्या डो रे मी चं फार जवळचं नातं आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये सारा ग्लोव्हर नावाच्या बाईंनी आणि मग जॉन कर्वेन यांनी टॉनिक सोल्फा नावाची पद्धत बसवली, डो रे मी ची, चर्चमधल्या साध्या माणसांना आणि मुलांना वाचून गाता यावं म्हणून, आणि मिशनऱ्यांनी ती जगभर नेली. त्यात डो कुठल्याही पट्टीत ठेवता येतो. म्हणजे आपला सा! तुम्ही काळी एक ला सा धरता किंवा पांढरी चार ला धरता, तसंच. मी वर्गात सा रे ग म वरूनच डो रे मी शिकवायचे आणि मराठी मुलांना ते पटकन यायचं, मग पाच रेघांचं नोटेशन अवघड जात नाही. त्यामुळे नातवाने पेटी सोडायची गरज अजिबात नाही, उलट त्याला रोज दहा मिनिटं तुमच्याशेजारी बसवा.

ट्रिनिटीबद्दल थोडं स्पष्ट सांगते कारण फी भरून मग पालक विचारतात की आता याचं करायचं काय. इनिशियल आणि मग पहिली ते आठवी अशा ग्रेड असतात. परीक्षा १०० मार्कांची, त्यात तीन पीसेसचे ६६, स्केल वगैरे टेक्निकल वर्कचे १४, आणि बाकी २० मार्क साइट रीडिंग (नोटेशन पहिल्यांदाच बघून वाजवणं), ऑरल (कानाने ऐकून ओळखणं) असल्या टेस्टचे. ६० ला पास, ७५ ला मेरिट, ८७ ला डिस्टिंक्शन. दुसरं बोर्ड म्हणजे एबीआरएसएम, त्यांची परीक्षा १५० ची आणि तिथे सहावी ग्रेड द्यायची तर आधी पाचवीची थिअरी किंवा तिला पर्याय म्हणून ठरवलेली परीक्षा पास लागते, हे बऱ्याच क्लासवाल्यांकडून आधी सांगितलं जात नाही. दोन्ही परीक्षा चांगल्या आहेत. वाईट काय तर मूल वर्षभर तेच तीन पीस घोटतं, परीक्षा देतं, सर्टिफिकेट फ्रेम होतं, आणि घरी पाहुणे आले की त्याला एक साधं वाढदिवसाचं गाणं वाजवता येत नाही. असं मी कित्येकदा बघितलंय आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय. म्हणून दोन वर्षं क्वायर आणि पेटी, मग त्यालाच विचारा, त्याला कीबोर्ड हवाच असेल तर तेव्हा फी भरा. गांधर्वची प्रारंभिक परीक्षा तर कधीही देता येईल.

आणि "इंग्रजी वाजवून काय करणार" याचं उत्तर गोव्यात आहे. तिथे चर्चच्या शाळांमध्ये मेस्त म्हणजे संगीतमास्तर पोरांना सोल्फेज म्हणजे स्वर वाचून गाणं आणि व्हायोलिन शिकवायचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशाच घरातले, वडील चर्चचे क्वायरमास्टर. ते मुंबईला आले, सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवलं, अरेंजमेंट केल्या, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल मधले प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. तुम्ही आयुष्यभर जी हिंदी गाणी ऐकलीत ना काका, त्यांच्या मागे जे व्हायोलिनचे ताफे वाजतात, ते वाचून वाजवणारी कितीतरी माणसं चर्चमधल्या त्या फुकटच्या तासातून आली होती.

आम्ही वसईचे कॅथलिक. मुलगा चौथीत. बाकी मुलं व्हॅल्यू एज्युकेशनला बसतात आणि ह्याला कॅटेकिझमला दुसऱ्या वर्गात पाठवतात. तो म्हणतो माझे सगळे मित्र तिकडे आणि मी इकडे का. रविवारी पॅरिशमध्ये पण कॅटेकिझम आहेच. शाळेतला बंद करू का? (एक आई)

तुमचं पत्र वाचून मला बरं वाटलं कारण हा प्रश्न कुणी विचारत नाही, सगळे दुसऱ्या बाजूनेच विचारतात.

त्याच्या वयाच्या मुलाला देवापेक्षा बाकावरचा मित्र जवळचा असतो आणि त्यात काही वाईट नाही. मला विचाराल तर रविवारचा वर्ग चांगला चालत असेल तर शाळेतला तास सोडायला हरकत नाही, वर दिलेलं कलम तुमच्या मुलालाही लागू आहे, संमती तुमची. पण त्याआधी फादर किंवा सिस्टरशी एकदा बोला की महिन्यातून एक-दोन तास दोन्ही वर्ग एकत्र बसवता येतील का. आमच्याकडे आम्ही हे केलं होतं. विषय "उपवास" होता. एका मुलाने रोजा सांगितला, एकीने आजीची एकादशी, आमच्या कॅथलिक पोराने लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासाचा काळ सांगितला आणि जैन मुलीने जेव्हा सांगितलं की पर्युषणात तिच्या काकूने आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी घेतलं तेव्हा सगळा वर्ग गप्प झाला. तो तास मी आजही विसरलेली नाही. एवढं मात्र बघा की संडे स्कूल चुकणार नाही. १७८० मध्ये रॉबर्ट रेक्सनी ग्लॉस्टरला ते वर्ग सुरू केले ते सहा दिवस कामाला जाणाऱ्या गरीब पोरांना वाचायला शिकवण्यासाठी, तो रविवार अजूनही कामाचा आहे.

मॅम शाळेत एलोक्युशन फक्त इंग्लिशमध्ये घेतात. मुलीचं मराठी सुटत चाललंय. (एक पालक, ठाणे)

एलोक्युशन राहू द्या, आवाज फेकायला आणि श्वास कुठे घ्यायचा ते शिकायला भाषा लागत नाही. पीटीएच्या मीटिंगमध्ये मराठी वक्तृत्वाची मागणी करा, पाच पालक मिळून केलीत तर बहुतेक मान्य होते. आणि घरी रोज रात्री मोठ्याने एक पान मराठी वाचायचं, एक तिने एक तुम्ही. बाकी क्लास वगैरे काही नको.

बाई, नातू सहावीत आहे, कॉन्व्हेंटमध्ये मुलांना पण शिवण शिकवतात. बटण लावून आणलं त्याने. त्याचे वडील म्हणाले एवढी फी भरून हे शिकायचं होतं का, तो बिचारा हिरमुसला. मला तर फार कौतुक वाटलं. माझं चुकलं का? (एक आजी, सातारा)

आजी, तुमचं काहीच चुकलं नाही, आणि त्या बटणाचा शर्ट त्याला जरूर घालायला लावा, त्याच्या वडिलांनाच लावून द्यायला सांगा एखादं.

शिवणाचा तास आपल्याकडे फार जुना आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फॅरार बाई मुलींच्या शाळा चालवत होत्या, त्या जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि सावित्रीबाईंनी तिथे शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलं. मिशनच्या मुलींच्या शाळांमध्ये वाचन-लेखनाच्या शेजारी शिवण असायचंच, आणि खरं सांगायचं तर त्यात "बाईने हेच करायचं" हा विचार पण होता, तो मला पटत नाही. म्हणूनच आज मुलांच्या हातात सुई देतात हे मला इतकं आवडतं. पण रमाबाईंनी या हातकामाचं काय केलं ते बघा. त्या अमेरिकेत असताना फ्रोबेलची किंडरगार्टन पद्धत शिकून आल्या, म्हणजे लहान मुलाने आधी हाताने करायचं आणि त्यातून डोक्याने शिकायचं. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये विधवा आणि दुष्काळातून आलेल्या मुली विणकाम, शिवण शिकल्याच, पण छापखानाही त्यांनीच चालवला, खिळे जुळवण्यापासून. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्याच छापखान्यात छापलं गेलं. ज्या मुलीला घरात कुणी वाचायला दिलं नसतं ती पुस्तकाची पानं जुळवत होती.

नातवाला पुढचं काय शिकवायचं ते सांगते, शाळेत वेळ पुरत नाही. धावदोरा आला की उलटी टीप, मग पँटची तुरपाई, आणि सगळ्यात शेवटी काज. काज अवघड आहे, पहिली चार-पाच वाकडी होणारच, जुन्या पिशवीच्या कापडावर करू द्या. सुईत दोरा ओवताना तुमचे डोळे आता साथ देत नसतील तर ते काम त्याचं. माझी आजी मला हेच सांगायची आणि मला वाटायचं मी तिच्यापेक्षा मोठी झाले.

मुलगी नववीत, आयसीएसई. एसयूपीडब्ल्यू (समाजोपयोगी उत्पादक काम) आणि आर्टचे तास गणित आणि फिजिक्सला देऊन टाकलेत, शाळा म्हणते बोर्ड जवळ आलंय. मुलगी कुंडीकाम आणि बागेच्या ग्रुपमध्ये होती, तिला खूप आवडायचं. आम्ही तक्रार केली तर मार्कांवर परिणाम होईल का? (एक आई-वडील, पुणे)

तक्रार करा. या विषयावर मी गप्प बसू शकत नाही कारण दरवर्षी मी हेच बघितलंय, दिवाळी झाली की पहिला बळी संगीताच्या आणि हाताच्या तासाचा, आणि स्टाफरूममध्ये मलाच म्हणायचे, "तुमचा पिरियड घेऊ का, तुमचं काय, गाणंच तर आहे." मी बऱ्याचदा दिला. द्यायला नको होता. मार्चमध्ये मुलं थकून वेड्यासारखी झालेली असायची आणि तेव्हा त्यांना गायला एक तास नसायचा.

तुमच्याकडे तर नियम पण आहे. आयसीएसईला एसयूपीडब्ल्यू आणि कम्युनिटी सर्व्हिस याला शाळेने ग्रेड द्यावीच लागते, ए ते डी पास आणि ई म्हणजे नापास, आणि पासची ग्रेड नसेल तर पास सर्टिफिकेटच मिळत नाही. मग तासच घेतला नाही तर ग्रेड कशावर देणार? एवढाच प्रश्न नम्रपणे लेखी विचारा. आणि हे कुणी फालतू म्हणून आणलेलं नाही, १९३७ मध्ये आपल्या वर्ध्याला गांधीजींनी नई तालीमची परिषद घेतली, हाताच्या कामातून शिक्षण, आणि त्याच विचाराच्या वाटेने १९७७ च्या ईश्वरभाई पटेल समितीने एसयूपीडब्ल्यू हा विषय मांडला. मिशनच्या शाळेतला बागेचा तास आणि वर्ध्याची टकळी, दोन्हींत तोच विश्वास आहे की माती लागलेले हात अभ्यासाच्या आड येत नाहीत.

मार्कांवर परिणाम होईल का, तर बोर्डाचा पेपर तपासणाऱ्याला तुमची तक्रार माहीत नसते. इंटर्नलची भीती वाटत असेल तर एकट्याने जाऊ नका, चार-पाच पालकांच्या सह्या घ्या आणि मागणी लहान ठेवा. सगळे तास परत द्या असं म्हणू नका, आठवड्यातला एक तास, ठरलेला वार, आणि तो जानेवारीपर्यंत कुणी घ्यायचा नाही. याला प्रिन्सिपलना नाही म्हणणं अवघड जातं. पत्राचा मसुदा करून मासिकाच्या पत्त्यावर पाठवलात तर मी बघून, दुरुस्त करून देईन, आणि तोपर्यंत मुलीला दोन कुंड्या गॅलरीत लावू द्या, मेथी टाका, लवकर उगवते.